शब्दार्थ पाठांतर आणि इंग्रजी शब्दसंग्रह : एक चिकित्सक अभ्यास

सारांश :

मराठी माध्यमातून शिकणारा विद्यार्थी इंग्रजी शब्दसंग्रह प्रामुख्याने शब्दांचे मराठी अर्थ पाठ करून वाढवतो. ही पद्धत कालबाह्य ठरवून टाकून द्यावी असे एक मत आहे, तर तिच्यावाचून पर्याय नाही असे दुसरे मत आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची चिकित्सा केली आहे. दोष पाठांतरात नसून 'एका शब्दाला एक अर्थ' या गृहीतकात आहे आणि मातृभाषेतील अर्थाचा आधार काढून घेतल्यास त्याची झळ सर्वाधिक ग्रामीण व पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला बसते, अशी या लेखाची भूमिका आहे.

बीजशब्द : शब्दार्थ, पाठांतर, शब्दसंग्रह, मातृभाषा, सहप्रयोग, मराठी माध्यम.

प्रस्तावना :

मराठी माध्यमाच्या शाळेतील इंग्रजीचे एखादे वापरलेले पाठ्यपुस्तक उघडले तर छापील ओळींच्या वर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले मराठी अर्थ हमखास आढळतात. त्याच विद्यार्थ्याच्या वहीत पानाचे तीन उभे भाग पाडलेले असतात : शब्द, उच्चार आणि अर्थ. परीक्षेच्या आदल्या रात्री उजवीकडचा भाग हाताने झाकून अर्थ आठवून पाहणे हा कित्येक पिढ्यांचा परिचित अभ्यासक्रम होय. महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. तत्पूर्वी तो सर्वसाधारणपणे पाचवीपासून शिकवला जात असे. इंग्रजी शिकण्याची वर्षे वाढली, पाठ्यपुस्तके बदलली, पुढे भ्रमणध्वनीवर शब्दकोश आले. परंतु वहीतील ते तीन रकाने मात्र फारसे बदललेले नाहीत.

या पद्धतीची खरी कसोटी अकरावीत किंवा पदवीच्या प्रथम वर्षात लागते. दहावीपर्यंत इंग्रजी हा एक विषय असतो; त्यानंतर विज्ञान शाखेत आणि पुष्कळदा वाणिज्य शाखेतही ती ज्ञानाची भाषा होते. तेथे अनेक शब्दांचे अर्थ पाठ असूनही वाक्य उलगडत नाही, असा अनुभव विद्यार्थ्याला येतो. आपली बुद्धीच कमी आहे असा निष्कर्ष तो काढतो आणि काही वेळा शिक्षणाची दिशाच बदलतो. म्हणून हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही, तर शैक्षणिक न्यायाचाही आहे.

शब्दार्थाची परंपरा :

शब्द पाठ करणे ही भारतीय शिक्षणाला अपरिचित गोष्ट नाही. संस्कृतच्या पारंपरिक अध्ययनात अमरकोश मुखोद्गत करण्याची रीत होती. मात्र अमरकोशाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. तीन कांडांत विभागलेला हा पद्यबद्ध कोश शब्दांना त्यांच्या समानार्थी शब्दांच्या सोबतीने मांडतो, त्यांच्या लिंगाची माहिती देतो आणि अनेकार्थी शब्दांची स्वतंत्र दखल घेतो. म्हणजेच पाठांतराच्या त्या परंपरेतही शब्द एकटा नव्हता.

इंग्रजी-मराठी कोशपरंपरेतही हीच दृष्टी आढळते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची सुधारित दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. या कोशात मराठी शब्दापुढे केवळ इंग्रजी प्रतिशब्द न देता त्याच्या अर्थच्छटा, वाक्प्रचार आणि प्रयोगही दिलेले आहेत. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. पुढे इंग्रजी शिकू इच्छिणाऱ्या सामान्य मराठी वाचकाच्या घरात पोहोचली ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. नियम, शब्दार्थ आणि भाषांतरासाठी वाक्ये अशी तिची घडण आहे. भाषांतर पद्धतीवर कितीही आक्षेप घेतले तरी एक गोष्ट मान्य करावी लागते : तेथे पाठ केलेला शब्द लगेच वाक्यात वापरावा लागत असे.

बाजारातील मार्गदर्शक पुस्तिका, 'रोज दहा शब्द' शिकवण्याचे आश्वासन देणारी पुस्तके आणि स्पर्धा परीक्षांच्या शब्दयाद्या यांनी या परंपरेतील यादी तेवढी घेतली. प्रयोग, छटा आणि वाक्य मात्र सोडून दिले. चिकित्सा करावयाची ती या अवशेषाची.

दहा शब्दांचे गणित :

रोज दहा शब्द याप्रमाणे वर्षाला ३,६५० शब्द होतात. शब्दसंग्रहाचे ख्यातनाम अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार इंग्रजी वृत्तपत्र किंवा कादंबरी विनासायास वाचण्यासाठी, म्हणजे मजकुरातील ९८ टक्के शब्द ओळखीचे असण्यासाठी, सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुले अवगत असावी लागतात. शब्दकुल म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून सिद्ध होणारी रूपे. वरील गतीने हा पल्ला अडीच वर्षांच्या आत गाठता यावयास हवा. प्रत्यक्षात तो गाठला जात नाही. त्याचे एक कारण विस्मरण हे आहेच. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण असे की, या गणितात मोजल्या जातात त्या शब्दार्थाच्या जोड्या, शब्द नव्हेत.

शब्द येणे म्हणजे काय याचे विवेचन नेशन यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात रूप, अर्थ आणि उपयोग अशा तीन अंगांनी केले आहे. शब्द कसा उच्चारला व लिहिला जातो, त्याचे घटक कोणते, त्यामागील संकल्पना कोणती, तो कोणत्या शब्दांची आठवण करून देतो, वाक्यात कसा चालतो, कोणत्या शब्दांच्या सोबत येतो आणि कोठे वापरू नये, हे सर्व शब्दज्ञानात मोडते. तीन रकान्यांच्या वहीत यांतील दोन-तीन बाबी येतात. त्या निरुपयोगी नाहीत. पण त्यांनाच संपूर्ण ज्ञान मानले की अडचण सुरू होते.

एक शब्द, एक अर्थ : गृहीतकाची तपासणी :

'एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द' हे गृहीतक चार ठिकाणी कोसळते.

पहिले ठिकाण अनेकार्थतेचे. 'इंटरेस्ट' म्हणजे आवड, हे विद्यार्थी शाळेत शिकतो. वाणिज्य शाखेत त्याचा अर्थ व्याज होतो आणि राज्यशास्त्रात हितसंबंध. 'कॅपिटल' भूगोलात राजधानी, अर्थशास्त्रात भांडवल. 'सेल' जीवशास्त्रात पेशी, भौतिकशास्त्रात विद्युत घट, तर कारागृहाच्या बातमीत कोठडी. 'सोल्यूशन' गणितात उकल, रसायनशास्त्रात द्रावण. 'कल्चर' समाजशास्त्रात संस्कृती, सूक्ष्मजीवशास्त्रात संवर्धन. शाळेत पाठ केलेला एकच अर्थ मनात पक्का असला की विद्यार्थी शब्दकोश उघडतच नाही, कारण तो शब्द आपल्याला येतो अशी त्याची खात्री असते. अनोळखी शब्दापेक्षा असा अर्धवट ओळखीचा शब्द अधिक फसवतो.

दुसरे ठिकाण सीमारेषांचे. दोन भाषा जगाचे तुकडे एकाच ठिकाणी पाडत नाहीत. मराठीतील 'सावली' या एका शब्दासाठी इंग्रजीत झाडाखालचा निवारा दर्शवणारा 'शेड' आणि जमिनीवर पडलेली आकृती दर्शवणारा 'शॅडो' असे दोन शब्द आहेत. हाताचे बोट आणि पायाचे बोट यांनाही इंग्रजी वेगवेगळी नावे देते. उलट दीर, मेहुणा आणि साडू ही मराठीतील स्वतंत्र नाती इंग्रजीत एकाच शब्दात सामावतात. नणंद, जाऊ, वहिनी आणि मेहुणी यांचीही तीच गत होते. मराठी कुटुंबात या नात्यांचे मान आणि रुसवे निरनिराळे असतात, हे त्या एका इंग्रजी शब्दाच्या गावीही नसते. शब्दार्थाच्या रकान्यांमधील बरोबरीची खूण म्हणूनच फसवी आहे.

तिसरे ठिकाण सहप्रयोगाचे. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, असे प्रतिपादन ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ च्या सुमारास केले. मराठीत चहा, ऊन, शिस्त, शिक्षक आणि भाकरी हे सर्व 'कडक' असू शकतात. इंग्रजीत या सर्वांसाठी एकच विशेषण चालत नाही. मराठीत विद्यार्थी परीक्षा 'देतो' आणि शिक्षक ती 'घेतात'. प्रमाण इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'घेतो' आणि शिक्षक ती 'देतो'. 'देणे' म्हणजे 'गिव्ह' आणि 'घेणे' म्हणजे 'टेक' हे पाठ असलेला विद्यार्थी येथे नेमका उलटा जातो. (विद्यार्थ्याने परीक्षा 'देण्याचा' प्रयोग भारतीय इंग्रजीत बराच रूढ झाला आहे, ही गोष्ट मातृभाषेचा प्रभाव किती खोल असतो हेच दाखवते.) मराठीत चूक, गृहपाठ, आंघोळ आणि फोन या सर्वांना 'करणे' हे एकच क्रियापद चालते, इंग्रजीत चुकीसाठी 'मेक', गृहपाठासाठी 'डू' आणि आंघोळीसाठी 'टेक' किंवा 'हॅव' लागते. हे ज्ञान कोणत्याही एका शब्दाच्या अर्थात नसते. ते दोन शब्दांच्या मध्ये असते.

चौथे ठिकाण व्याकरणाचे. मराठीत एखाद्या विषयी चर्चा करतात आणि एखाद्याशी लग्न करतात. त्यामुळे 'डिस्कस' च्या पुढे 'अबाउट' आणि 'मॅरी' च्या पुढे 'विथ' आपोआप येऊन बसते. ही दोन्ही क्रियापदे इंग्रजीत थेट कर्म घेतात, हे 'चर्चा करणे' आणि 'लग्न करणे' या अर्थांवरून कळण्याचा मार्ग नाही.

मराठीत स्थिरावलेले इंग्रजी शब्द :

या विवेचनात एक घटक सहसा दुर्लक्षित राहतो. मराठी विद्यार्थी कोऱ्या पाटीने इंग्रजीकडे येत नाही. मराठीत रुळलेले पुष्कळसे इंग्रजी शब्द शाळेत जाण्यापूर्वीच त्याच्या कानांवर पडलेले असतात. ही मोठी पुंजी आहे; परंतु मराठीत आल्यावर त्यांपैकी अनेक शब्दांनी अर्थ बदलला आहे. 'कॉपी' म्हणजे परीक्षेतील गैरप्रकार, 'गॅदरिंग' म्हणजे वार्षिक स्नेहसंमेलन, 'लाईट' म्हणजे वीजपुरवठा, तर काही बोलण्यांत 'फॅमिली' म्हणजे केवळ पत्नी. आकृती 'कॉपी' करण्याची सूचना इंग्रजी पुस्तकात वाचणाऱ्या विद्यार्थ्याला क्षणभर अडखळायला होणे स्वाभाविक आहे. शब्द ओळखीचा असल्यामुळे तो वहीत लिहिला जात नाही आणि त्याचा मूळ अर्थ तपासलाही जात नाही.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. 'टेन्शन' हा शब्द मराठीत काळजी या अर्थाने सर्रास वापरला जातो. भौतिकशास्त्रात दोरीतील 'टेन्शन' शिकवताना मराठीतील 'ताण' हा शब्द पुढे केला, तर मनाचा ताण आणि दोरीचा ताण ही एकाच कल्पनेची दोन रूपे आहेत हे क्षणात उमगते. मातृभाषेतील शब्द येथे अडथळा न होता पूल होतो. शब्दार्थ देताना योग्य मराठी शब्द निवडणे किती मोलाचे असते, याचे हे द्योतक आहे.

'अर्थ सांगू नका' या भूमिकेची मर्यादा :

शब्दार्थ पाठांतराचे दोष दिसू लागल्यावर संवादाधिष्ठित अध्यापनाच्या काही समर्थकांनी दुसरे टोक गाठले. वर्गात मराठीचा वापर करू नये, अर्थ सांगू नये, विद्यार्थ्याने तो संदर्भावरून ओळखावा, असा आग्रह धरला गेला. ही भूमिका वरकरणी पुरोगामी वाटते. परंतु तिची किंमत कोण मोजतो हे तपासले पाहिजे.

संदर्भावरून अर्थ ओळखण्यासाठी आधी संदर्भ समजावा लागतो. पानावरील पन्नास शब्दांत एखादाच शब्द अनोळखी असेल तर अंदाज बांधता येतो. दर पाचवा शब्द अनोळखी असेल तर अंदाज कशाच्या आधारे बांधावयाचा? ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दयादीच्या अभ्यासात असे आढळले की, इंग्रजीतील सर्वाधिक प्रचलित सुमारे २,००० शब्दकुले त्यांच्या संग्रहातील शैक्षणिक मजकुराचा साधारण ७६ टक्के भाग व्यापतात आणि त्यांच्या यादीतील ५७० शब्दकुले आणखी १० टक्के भाग व्यापतात. हे दोन्ही संच अवगत असलेल्या वाचकालाही दर सात शब्दांमागे जवळपास एक शब्द अनोळखी राहतो. मग ज्या विद्यार्थ्याला पहिले २,००० शब्दही पुरते आलेले नाहीत, त्याला संदर्भावर सोडून देणे म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलणे होय.

शिवाय सर्व अर्थ चित्राने किंवा हावभावाने दाखवता येत नाहीत. टेबल दाखवता येते. 'जस्टिस' कसा दाखवणार? 'अनलेस' आणि 'ऑलदो' यांसारख्या शब्दांवर अख्ख्या वाक्याचा अर्थ फिरतो. 'जर... नाही, तर' किंवा 'जरी... तरी' असे मराठीत म्हणताच तो उलगडतो. ज्या घरात इंग्रजी पुस्तके आणि इंग्रजी संभाषण आहे, तेथील मुलाला शब्दाची दहा वेळा सहज गाठ पडते. ज्याची इंग्रजीशी भेट केवळ वर्गातील एका तासापुरती असते, त्याच्यासाठी मराठी अर्थ ही बहुधा एकमेव शिडी असते. ती अपुरी आहे म्हणून काढून घेणे योग्य नव्हे. तिला आणखी पायऱ्या जोडणे योग्य ठरेल.

पाठांतराची जमेची बाजू :

पाठांतराविषयी तुच्छतेने बोलण्याची प्रथा पडली असली तरी संशोधनाचा कौल तितका एकतर्फी नाही. कार्पिक आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या ४० जोड्या शिकवल्या. जोडी एकदा आठवल्यानंतरही ज्यांनी स्वतःची चाचणी घेणे सुरू ठेवले, त्यांना एका आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के जोड्या आठवल्या. ज्यांनी चाचणी थांबवली, त्यांना सुमारे एक तृतीयांशच आठवल्या, मग त्यांनी नुसते वाचन चालू ठेवलेले असो वा नसो. उजवा रकाना झाकून अर्थ आठवून पाहण्याची वहीची जुनी रीत त्यामुळे शास्त्रशुद्ध ठरते. चुकीचे आहे ते एकाच रात्री सर्व शब्द उरकणे आणि नुसते पुन्हा पुन्हा वाचत राहणे.

यादीच्या मांडणीविषयी मात्र एक इशारा आवश्यक आहे. समानार्थी व विरुद्धार्थी शब्द शेजारी ठेवून शिकवणे सोयीचे वाटते. तथापि टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये मांडल्याप्रमाणे अर्थाने जवळचे नवे शब्द एकाच वेळी शिकल्यास ते परस्परांत मिसळतात. 'बॉरो' आणि 'लेंड' एकाच दिवशी पाठ केले की उसने घेणे कोणते आणि देणे कोणते याचा गोंधळ पुढे टिकून राहतो. त्यांतील एक शब्द आधी पक्का करून दुसरा काही आठवड्यांनी देणे हिताचे. समानार्थी शब्दांचे गट उजळणीला उपयुक्त असतात, प्रथम परिचयाला नव्हे.

मायकेल वेस्ट यांचा धडा :

यादी आणि जाणतेपणा एकत्र नांदू शकतात याचा पुरावा याच उपखंडात सापडतो. मायकेल वेस्ट यांनी ढाका येथे शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करताना बंगाली विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वाचनाचा अभ्यास केला आणि तो १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. मर्यादित शब्दांत लिहिलेली, नवे शब्द विरळपणे आणणारी वाचनपुस्तके त्यांनी पुढे तयार केली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सुमारे २,००० शब्दांच्या यादीत प्रत्येक शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांचे सापेक्ष प्रमाण टक्केवारीत दिलेले होते. शब्द कोणता शिकवावा एवढेच नव्हे, तर त्याचा कोणता अर्थ आधी शिकवावा हेही ती यादी सांगत होती. नंतरच्या बाजारू शब्दयाद्यांनी नेमकी ही दुसरी बाजू गाळली.

या दृष्टीने 'रेज' हे क्रियापद पाहता येईल. वहीत त्याचा अर्थ 'वाढवणे' असा असतो. त्याऐवजी 'वर नेणे' हा गाभ्याचा अर्थ देऊन त्याखाली हात वर करणे, भाडे वाढवणे, प्रश्न उपस्थित करणे, निधी उभारणे आणि मुलांना वाढवणे असे पाच छोटे प्रयोग लिहिले तर विद्यार्थ्याला पाच शब्द पाठ करावे लागत नाहीत. एकाच शब्दाचा विस्तार दिसतो. यासाठी वहीत लागते ते फक्त चौथ्या रकान्याचे स्थान : 'सोबती'.

प्रत्येक शब्दाला असा विस्तार देणे गर्दीच्या वर्गात शक्य नाही, हा आक्षेप रास्त आहे; पण तशी आवश्यकताही नाही. 'वुडपेकर' म्हणजे सुतार पक्षी, एवढे पुरेसे आहे. वस्तू, प्राणी, वनस्पती यांच्या नावांना बहुधा एक जोडी चालते. विस्तार हवा तो सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांना, अमूर्त नामांना आणि विषयागणिक अर्थ बदलणाऱ्या शब्दांना. त्यांची संख्या मर्यादित असून ते प्रत्येक पानावर पुन्हा पुन्हा भेटतात. मात्र प्रश्नपत्रिकेत सुटा शब्द देऊन 'अर्थ लिहा' एवढेच विचारले जाते तोवर चौथा रकाना कोराच राहील. वाक्यातील अर्थ ओळखणे, योग्य सोबती निवडणे अशा प्रश्नांना गुण मिळू लागले तरच वही बदलेल.

निष्कर्ष :

१. शब्दार्थ पाठांतर ही शब्दज्ञानाची आवश्यक सुरुवात आहे. तिला शेवट मानणे हा दोष आहे.

२. 'एका शब्दाला एक अर्थ' हे गृहीतक अनेकार्थता, अर्थाच्या सीमा, सहप्रयोग आणि व्याकरण या चारही कसोट्यांवर टिकत नाही.

३. मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द ही विद्यार्थ्याची पुंजी आहे. त्यांचे बदललेले अर्थ जाणीवपूर्वक शिकवले पाहिजेत.

४. मातृभाषेतील अर्थ वर्जित करणारी पद्धत संपन्न पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्याला झेपते आणि वंचिताला मागे ठेवते.

५. प्रचलित शब्दांसाठी 'सोबती' हा चौथा रकाना, अंतराने घेतलेली आत्मचाचणी आणि वाक्याधारित प्रश्न या तीन बदलांना वेगळ्या साधनसामग्रीची गरज नाही.

पुस्तकाच्या ओळींवर पेन्सिलीने अर्थ लिहिणारा विद्यार्थी चुकीचे काही करत नसतो. तो आपल्या भाषेतून दुसऱ्या भाषेत पाऊल टाकत असतो. त्याची पेन्सिल काढून न घेता, शब्दाचे सोबतीही त्याच ओळीवर लिहायला त्याला शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.